भेट रद्द झाली होती, तरी ते दोघं गेले

अकरावीला फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी, खोटं कशाला बोला. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांचं तेच कारण, संस्कृत नाहीतर फ्रेंच, दोन्ही स्कोरिंग, आणि संस्कृतला पाठांतर जास्त असतं असं कुठल्यातरी सीनियरनं सांगितलेलं. तर नकार शिकवायचा दिवस आला. फ्रेंचमध्ये नकार दोन तुकड्यांत येतो, क्रियापदाच्या अलीकडे 'न' आणि पलीकडे 'पा', आणि 'काहीच नाही' म्हणायचं असेल तर 'पा'च्या जागी 'रियँ'. हे फळ्यावर लिहून झाल्यावर मॅडमनी कॅसेट प्लेअरचं बटण दाबलं आणि एक बाई खणखणीत आवाजात गायला लागली, 'नों, ज न रग्रेत रियँ'. मला कशाचीच खंत नाही. व्याकरण संपलं आणि गाणं डोक्यात बसलं ते बसलंच.

त्यातला 'र' ऐकून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मॅडम, ही तर आमच्यासारखाच 'र' म्हणते! कारण दोन महिने मॅडम आम्हाला घशातून, गुळण्या केल्यासारखा 'र' काढायला लावत होत्या आणि आमचा अस्सल मराठी 'र' काही जिभेवरून हलत नव्हता. मॅडम हसल्या, म्हणाल्या ती जुनी स्टेजची पद्धत आहे, तुम्ही परीक्षेत करू नका.

पुढे २०१०ला 'इन्सेप्शन' आला आणि स्वप्नातून जागं करायला तेच गाणं वाजलं तेव्हा थिएटरात मी एकटाच खूश झालो असेन. आता तर कुठल्याही रीलवर, राजीनामा देऊन निघालेला माणूस दाखवायचा असला की मागे हेच. आणि खाली कमेंटमध्ये दर वेळी एक वाक्य ठरलेलं, की हे गाणाऱ्या फ्रेंच गायिकेनं, एदित पियाफनं, आपलं सगळं आयुष्य या गाण्यात ओतलं.

मी हौसेनं कीबोर्ड वाजवतो, भावगीतांच्या कार्यक्रमांना साथीला जातो, त्यामुळे कुठलं गाणं कसं जन्माला आलं, चाल आधी की शब्द आधी, असल्या गप्पांत मला फार रस. म्हणून या एका गाण्याचं प्रकरण नीट खणून बघितलं आणि ते 'आयुष्य ओतलं' वगैरे डोक्यातून काढून टाकावं लागलं. चाल चार वर्षांची जुनी. शब्द दुसऱ्याचे. गाणं मुळात दुसऱ्याच गायिकेसाठी ठरलेलं. मुखड्यातलं क्रियापदसुद्धा वेगळं होतं. आणि ज्या दिवशी ते तिच्या कानावर पडलं त्या दिवशीची भेट तिच्या बाजूनं रद्द झालेली. मग ते इतकं तिचं कसं झालं की तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं वाटतच नाही? हे सगळं प्रकरण त्या एका प्रश्नाचं.

आधी तिची १९६०ची अवस्था बघू. पियाफ म्हणजे पॅरिसच्या बोलीत चिमणी. खरं नाव एदित जोव्हाना गासियों, जन्म १९ डिसेंबर १९१५. बाप रस्त्यावर कसरती करणारा, आई गाणारी आणि पोरीला टाकून गेलेली, लहानपणीची काही वर्षं नॉर्मंडीत आजीकडे, आणि ती आजी चालवायची वेश्यागृह. मग बापाबरोबर रस्त्यावर, मग एकटीनं रस्त्यावर गाणं. सतराव्या वर्षी पोर झाली, ती दोन वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली. १९३५ला लुई लप्ले नावाच्या नाइटक्लबवाल्यानं तिला रस्त्यावरून उचलून स्टेजवर उभं केलं, चिमणी हे नाव त्याचंच, आणि पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला आणि पोलिसांनी हिलाही चौकशीला बसवलं. उंची चार फूट दहा इंचाच्या आसपास. काळा साधा ड्रेस. आवाज मात्र असा की माइक लांब ठेवावा लागेल.

तिच्याबद्दलच्या दंतकथा कशा बनतात त्याचा एक नमुना सांगतो, कारण तो पुढे उपयोगी पडेल. पॅरिसमध्ये बेलव्हिल रस्त्यावर ७२ नंबरच्या दारावर पाटी आहे, की या पायऱ्यांवर एदित पियाफ जन्मली. जन्मदाखल्यावर मात्र तनों हॉस्पिटल. हॉस्पिटलात जन्मलेल्या पोरीची गोष्ट कोण ऐकणार, म्हणून पाटी पायऱ्यांवर.

दुसरा नमुना जास्त मोठा. 'इम्न आ लामूर' हे तिचं प्रेमाचं स्तोत्र, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सेलीन दिऑननं आयफेल टॉवरवरून गायलं ते. त्याचे शब्द पियाफचे स्वतःचे आणि चाल मार्गरित मोनोची. तिचा प्रियकर मार्सेल सेर्दाँ, बॉक्सिंगचा जगज्जेता, २८ ऑक्टोबर १९४९ला विमान अपघातात गेला, अझोर्स बेटांवर, तिला भेटायला न्यूयॉर्कला येत असताना. आणि लोक सांगतात की त्या दुःखात तिनं हे गाणं लिहिलं. पण ते गाणं तिनं न्यूयॉर्कात सप्टेंबर १९४९मध्येच गायलं होतं, सेर्दाँ जिवंत होता तेव्हा. 'तू मेलास तरी' अशी ओळ असलेलं गाणं आधी आलं आणि मरण नंतर. बातमी आली त्या रात्रीही ती स्टेजवर उभी राहिली, हे मात्र खरं, आणि तेव्हापासून ते गाणं सेर्दाँचं झालं ते कायमचं. म्हणजे तिच्याबाबतीत गाणं आयुष्यातून निघत नाही नेहमी, कधीकधी गाणं आधी तयार असतं आणि आयुष्य नंतर येऊन त्यात बसतं.

असो. १९५१ला लागोपाठ मोटार अपघात, त्याच्या दुखण्यावर मॉर्फिन, मॉर्फिनचं व्यसन, ते सोडवायचे प्रयत्न, दारू, संधिवातानं बोटं वाकडी. १९५९ला 'मिलोर' गाजलं, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियात ती स्टेजवर कोसळली, पोटाचं ऑपरेशन झालं, आणि डिसेंबरात फ्रान्सच्या दौऱ्यात द्र नावाच्या गावी परत कोसळली. पेपरवाले त्या दौऱ्याला आत्महत्येचा दौरा म्हणायला लागले होते. १९६० साल निम्मं हॉस्पिटलात गेलं. वय ४४ आणि चेहरा साठीचा. पॅरिसमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलेलं की संपलं, ही आता काही उभी राहत नाही.

त्याच पॅरिसमध्ये आणखी एक आजारी होतं, ऑलिम्पिया नावाचं थिएटर. ब्रुनो कोकात्रिक्स १९५४पासून ते चालवत होता, मोठमोठी नावं लावायचा, आणि १९६०मध्ये दिवाळं निघायची वेळ आलेली. त्याला हमखास हाऊसफुल करणारं एकच नाव माहीत होतं आणि ते नाव अंथरुणाला खिळलेलं.

आता दुसरी बाजू. शार्ल द्युमाँ, वय ३१, दक्षिणेकडच्या काओर गावचा, मूळचा ट्रंपेटवाला, आता चाली बांधायचा. मिशेल वोकेर, वय ५५, गीतकार, बायको कोरा वोकेर स्वतः नावाजलेली गायिका. द्युमाँला पियाफनं याआधी एकदा नाही, अनेकदा हाकलून दिलेलं. तिला त्याच्या चाली आवडायच्या नाहीत आणि तो माणूसही. त्यामुळे तो पुन्हा जायला तयारच नव्हता. कोणीही नसता झाला, मीही नसतो झालो. वोकेरनं त्याला ओढत नेलं.

गाणं १९५६चं. आणि इथं त्या क्रियापदाची गोष्ट येते, जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटते. गाणं रोझाली द्युबुआ नावाच्या गायिकेसाठी ठरलेलं आणि मुखडा होता 'नों, ज न त्रूवरे रियँ'. म्हणजे 'नाही, मला काही सापडणार नाही'. रडकं. मला काही मिळायचं नाही, माझं काही व्हायचं नाही, असली गाणी पैशाला पासरी. मग वोकेरच्या डोक्यात पियाफ आली आणि त्यानं 'त्रूवरे' काढून 'रग्रेत' घातलं. दोन्ही शब्द साधारण त्याच मीटरमध्ये बसतात, चालीला धक्का नाही. पण बाई बदलली की नाही बघा. पहिल्या ओळीतली बाई हातपाय गाळून बसलेली, पुढच्या दाराकडे बघणारी. दुसऱ्या ओळीतली बाई मागे वळून बघते आणि म्हणते, झालं ते झालं.

मराठीत हा शब्द आणायला मी बराच घोळ घातलाय. पश्चात्ताप म्हटलं तर पाप कबूल केल्यासारखं होतं, कीर्तनातला वास येतो. हळहळ फारच छोटी, बस चुकल्यावर होते ती. खंत बऱ्यापैकी जवळ जातो, पण खंत मनात कुढत बसते आणि हिचं गाणं कुढण्यातलं नाही, दार आपटून निघाल्यातलं आहे. त्यात पुढे एक ओळ अशी आहे की शब्दशः मराठी करायचं तर 'भूतकाळ गेला खड्ड्यात' असंच करावं लागेल, तेवढाच रांगडा सूर आहे तिथं. सभ्य अनुवाद केलात की गाणं मेलं.

तर २४ ऑक्टोबर १९६०, सोमवार. पियाफ राहायची बुलवार लान वर, ६७ नंबर, बोआ द बुलोन्य या मोठ्या बागेच्या कडेला श्रीमंतांची वस्ती, मोठा फ्लॅट पण आत फर्निचर नावाला, दिवाणखान्यात पियानो. तिचं घड्याळ उलटं चालायचं, रात्रभर जागरण, तालमी, माणसांचा राबता, आणि दुपारपर्यंत झोप. भेट पाचची होती. त्या दिवशी उठल्यावर तिनं भेट रद्द करायला सांगितलं, पण तो निरोप या दोघांपर्यंत पोचला नाही, त्यामुळे दोघं नेहमीसारखे वेळेवर दारात. सेक्रेटरी दानिएल बोनेल दारातच म्हणाली, मॅडमना बरं नाही, आज होणार नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, आलेच आहेत तर बसव त्यांना.

बसले. तासभर बसले. आपल्याकडे कार्यक्रमाच्या आधी पाहुण्यांची वाट बघत बसलेले वादक जसे चेहरे करतात तसे बसले असणार. मग ती आली, ड्रेसिंग गाऊनमध्ये, थकलेली, वैतागलेली, आणि म्हणाली एकच गाणं, आणि लवकर आटपा.

द्युमाँ पियानोवर बसला. त्याला गाण्याचा आवाज असा नव्हता, त्यानं म्हणण्यापेक्षा बोलत बोलत गाऊन दाखवलं. जो माणूस तुम्हाला चारदा हाकलून चुकलाय त्याच्यासमोर घाम फुटलेल्या हातांनी आपलं गाणं वाजवायचं, ही काय चीज आहे ते ज्यानं कधी चाल ऐकवलीय त्यालाच कळेल. गाणं सव्वादोन-अडीच मिनिटांचं. संपलं. खोलीत शांतता. मग तिनं विचारलं, हे खरंच तुम्ही केलंय? परत वाजवा. परत वाजवलं. परत. पाच-सहा वेळा तरी वाजवलं असं एका ठिकाणी वाचायला मिळतं, दुसरीकडे वीसच्या वर आकडा जातो, त्या आकड्यांना काही अर्थ नाही, गोष्ट सांगणाऱ्याच्या मूडवर असतात ते. पण हे गाणं जगभर फिरेल असं तिनं त्याच दिवशी आपल्याला सांगितलं, हे द्युमाँ पुढे आयुष्यभर सांगत राहिला. मग फोनाफोनी, कोकात्रिक्सला बोलावणं, त्याला गाणं ऐकवणं, आणि मी ऑलिम्पिया करते म्हणून शब्द देणं.

आता मला यात काय दिसतं ते सांगतो. ती आजारी होती, कंटाळलेली होती, पण तिचा कान शाबूत होता. द्युमाँबद्दलचं तिचं मत आधीच पक्कं झालेलं आणि ते मत अडीच मिनिटांत फिरवायला तिला काहीच लाज वाटली नाही. मोठ्या नावांना हे फार कमी जमतं. एकदा नको म्हटलं की नको, मग समोर सोनं आणून ठेवा. तिनं ते केलं नाही आणि मला वाटतं गाण्यातली तिची खरी कमाई तिथंच आहे, 'ओतलं' वगैरे नाही, ओळखलं. शिंप्याकडे दुसऱ्याच्या मापाचा शिवलेला ड्रेस होता, एक टाका बदललेला, आणि हिनं आरशात न बघता सांगितलं की हा माझा.

आणि चाल. कीबोर्डवर घेऊन बघा, सोपी आहे, लाज वाटेल इतकी सोपी. चार मोठे ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन-तीन बारके, टकट टकट असं ऑर्केस्ट्रा खालून देत राहतो. आपल्या दादऱ्यासारखा झुलत नाही तो, दम धरून चालल्यासारखा चालतो. मुखड्याचं छोटंसं वाक्य, तेच परत थोडं सरकवून, परत थोडं सरकवून. एखादी बाई जिना चढतेय, प्रत्येक पायरीवर थांबून एक 'नाही' म्हणतेय, असं. 'पेये, बालाये, उब्लिये', फेडलं, झाडून टाकलं, विसरले, हे तीन शब्द लागोपाठ येतात आणि तिन्हींचा शेवट एकच, हातोडीचे तीन ठोके. दमानं गाणाऱ्या, श्वास कमी पडणाऱ्या बाईला ही चाल अतिशय सोयीची, लांबलचक ताना नाहीत, वाक्यं तोकडी, मध्ये मध्ये श्वासाला जागा. हा मुद्दा कुठं फारसा बोलला जात नाही पण वाजवणाऱ्याला पटकन कळतो. 'इम्न आ लामूर'चा चढ त्या वर्षी तिला रोज रात्री झेपला असता का माहीत नाही, हे झेपणारं होतं.

१० नोव्हेंबरला रेकॉर्डिंग झालं, ऑर्केस्ट्रा तिच्या नेहमीच्या रोबेर शोविन्यीचा. डिसेंबरच्या सुरुवातीला टीव्हीवर दाखवलं. आणि डिसेंबरच्या अखेरीस ऑलिम्पियाचे शो सुरू झाले. काळा ड्रेस, पातळ झालेले केस, हळूहळू चालत माइकपर्यंत येणं, आणि एक सूर निघायच्या आधीच लोक उभे राहून टाळ्या. ज्यांना वाटलेलं ही मेली ते सगळे बघायला आलेले आणि ती येऊन म्हणते काय, मला कशाची खंत नाही. सांगा आता, हे गाणं तिचं होणार नाही तर कोणाचं होणार. ते शो एप्रिल १९६१पर्यंत चालले आणि ऑलिम्पिया वाचलं, आजही चालू आहे, बुलवार दे काप्युसीनवर, लाल अक्षरांत नाव असतं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण या प्रकरणात एक बाई आहे जिच्याबद्दल कोणी रील करत नाही. मार्गरित मोनो. शास्त्रीय पियानो शिकलेली, तीसच्या दशकापासून पियाफच्या चाली बांधणारी, 'इम्न आ लामूर' तिचं, 'मिलोर' तिचं, पियाफचा आवाज कुठं चिरतो आणि कुठं फुलतो हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. द्युमाँ आल्यावर ऑलिम्पियाच्या यादीतून मोनोची गाणी भराभर गळाली आणि त्यांच्या जागी द्युमाँची आली. एका बैठकीत इतक्या वर्षांची साथ बाजूला. ऑक्टोबर १९६१मध्ये मोनो वारली, वय ५८. साथीला बसणारा माणूस म्हणून मला हे टोचतं. झाडून टाकलं, विसरले, हे गाण्यात ऐकायला झक्कास वाटतं, पण झाडलेल्या कचऱ्यात कोण कोण गेलं तेही बघायला हवं ना.

उलट द्युमाँचं नशीब बघा. त्यानं पुढच्या अडीच-तीन वर्षांत तिला तीसच्या वर गाणी दिली. 'मों द्य', हे देवा, ही चाल त्यानं आधी 'तुलों, ल आव्र, आन्व्हेर' अशा बंदरांच्या नावांच्या गाण्यासाठी केलेली, पियाफनं चाल ठेवली आणि शब्द बदलायला लावले, आणि वोकेरनं एका रात्रीत प्रार्थना लिहून दिली. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, तयार चाल, बदललेले शब्द, मापाला टाका.

मग गाण्याला दुसरं आयुष्य लाभलं आणि ते तिच्या हातातलं नव्हतं. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात स्वातंत्र्याचं युद्ध चालू होतं, फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गोल अल्जीरिया सोडायच्या वाटेवर, आणि २१ एप्रिल १९६१च्या रात्री अल्जीयर्समध्ये चार जनरल्सनी बंड केलं, शाल, जुओ, झेलेर आणि मागून सालाँ. त्यांचा कणा होती फॉरेन लीजनची, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी भरतीच्या दलाची, पहिली पॅराशूट रेजिमेंट. २३ तारखेला द गोल लष्करी गणवेश घालून टीव्हीवर आला, निवृत्त जनरल्सचं टोळकं अशी त्यांची संभावना केली, बराकींमधल्या सक्तीच्या भरतीच्या पोरांनी ते भाषण ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि बंडात सामील व्हायला नकार दिला. चार-पाच दिवसांत खेळ खल्लास. ३० एप्रिलला ती रेजिमेंट बरखास्त. झेराल्दाचा तळ सोडताना ट्रकमध्ये बसलेले लीजनवाले काय गात होते? हेच. कशाचीच खंत नाही.

म्हणजे ऑलिम्पियाच्या स्टेजवर अजून त्या गाण्याची धूळ खाली बसली नव्हती आणि ते बंडखोर सैनिकांचं गाणं झालेलं. तेव्हापासून ते लीजनचं झालं, आजही संचलनात गातात. लीजन चालते पण सावकाश, मिनिटाला ८८ पावलं, बाकीचं फ्रेंच सैन्य १२०. त्या दम धरलेल्या ठेक्यावर पावलं टाकायला काही अडचण येत नाही. पियाफच्या जुन्या गाण्यांतही लीजनचा सैनिक होता, १९३७चं 'मों लेजियोनेर', पण तो प्रेमातला, वाळूचा वास असलेला सैनिक. हे वेगळं प्रकरण. अंथरुणातून उठलेल्या बाईच्या तोंडी 'खंत नाही' आणि सत्ता उलथवायला निघून हरलेल्या सैनिकाच्या तोंडी 'खंत नाही', शब्द तेच, पण दुसरं ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो तो चांगला नसतो. अल्जीरियात त्या रेजिमेंटनं काय काय केलं होतं ते ज्यांनी भोगलं त्यांना हे गाणं कसं ऐकू येत असेल.

आणि इथं मला परत मॅडमचा तो वर्ग आठवतो. व्याकरण झाल्यावर मॅडमनी एक झेरॉक्स वाटलेली, गाण्याचे शब्द आणि मध्ये मध्ये गाळलेल्या जागा. ऐका आणि भरा. शेवटच्या ओळीतली शेवटची जागा मी भरली 'मुआ'. म्हणजे 'माझ्यासोबत'. आज सगळं सुरू होतंय, माझ्यासोबत. बरोबरच वाटलं, एवढा वेळ ही बाई मी मी करतेय, मला गरज नाही, मला फरक पडत नाही, तर शेवटी पण मीच. मॅडमनी लाल पेननं काट मारली आणि वर लिहिलं 'तुआ'. तुझ्यासोबत.

म्हणजे अख्खं गाणं प्रेमाचं आहे हो! आठवणी पेटवून शेकोटी केली, जुनी प्रेमं झाडून टाकली, शून्यापासून सुरुवात, हे सगळं का, तर समोर कोणीतरी नवा उभा आहे म्हणून. शेवटच्या शब्दापर्यंत ती हे सांगतच नाही. वोकेरनं ते पत्ता दाबून ठेवल्यासारखं शेवटी टाकलंय आणि पियाफ त्या 'तुआ'वर जाऊन आवाज असा सोडते की मागचा ऑर्केस्ट्रा तिच्यामागून धावतो. राजीनाम्याच्या रीलमध्ये ती ओळ येण्याआधीच व्हिडिओ संपलेला असतो. ट्रकमधल्या सैनिकांना ती ओळ कोणाला म्हणायची होती देव जाणे. १९६०च्या त्या दुपारी तो 'तू' कोण होता? वोकेरनं लिहिला तेव्हा कोणीच नव्हता, कारण तेव्हा ती बाईसुद्धा दुसरी होती. ऑलिम्पियात ती हात पुढे करून ते म्हणायची तेव्हा खाली बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, मी.

खराखुरा 'तू' नंतर आला. तेओ सारापो, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, ग्रीक वंशाचा, ९ ऑक्टोबर १९६२ला लग्न. लोकांनी नावं ठेवली, त्यानं मात्र शेवटपर्यंत केलं तिचं. वर्षभरातच, १० ऑक्टोबर १९६३ला, दक्षिणेत ग्रासजवळच्या प्लास्कासिए गावी ती गेली. ४७ वर्षं. मृतदेह गुपचूप रातोरात पॅरिसला आणला आणि मृत्यूची तारीख ११ लावली, कारण पियाफनं पॅरिसमध्येच मरायला हवं होतं. जन्माची पाटी जशी पायऱ्यांवर, तशी मरणाची नोंद पॅरिसमध्ये. चर्चनं घटस्फोटित म्हणून प्रार्थनासभा नाकारली, आणि पेर लाशेझ दफनभूमीत ४० हजार माणसं घुसली. ती प्रार्थनासभा झाली १० ऑक्टोबर २०१३ला, बेलव्हिलच्या चर्चमध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी.

द्युमाँ तिच्यानंतर ६१ वर्षं जगला. स्वतः गायला, स्वतःच्या रेकॉर्ड काढल्या, 'ल म्यूर' नावाचं पियाफसाठी केलेलं गाणं तिच्या मरणानं अडकलं ते पुढे बार्ब्रा स्ट्रायसँडनं गायलं. पण जिथं जाईल तिथं लोक विचारणार एकच, त्या दुपारी काय झालं ते सांगा. आणि तो सांगायचा, निरोप, दार, तासभर बसणं, गाऊन, पियानो. १८ नोव्हेंबर २०२४ला तो पॅरिसमध्ये गेला, ९५ वर्षांचा होऊन. मी बातमी मोबाइलवर वाचली, मथळ्यात गाण्याचं नाव होतं, पियाफचं होतं, वोकेरचं शोधायला खाली स्क्रोल करावं लागलं.